कुंपण आणि शेत

माझे बोलणे कंटाळवाणे वाटू लागले, की मला गप्प करण्याची सोय तुमच्या हातात आहे. रेडिओचे बटण उलट फिरवले की मी गेलो. आता तर हे भाषण छापून तुमच्यासमोर आले आहे. पान उलटले की काम भागले. ही सोय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती सोय आहे हेसुद्धा ध्यानात येत नाही. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने आपल्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीत नेमकी हीच सोय काढून घेतली आहे. विन्स्टन स्मिथ नावाचा एक कारकून आहे, वय एकोणचाळीस, घोट्याच्या वर एक चिघळलेली जखम. तो थकूनभागून घरी येतो, तर भिंतीत बसवलेल्या धातूच्या पडद्यातून एक आवाज चाललेलाच असतो. बिडाच्या उत्पादनाचे आकडे, आघाडीवरचे विजय, मग पुन्हा आकडे. तो आवाज लहान करता येतो, बंद करता येत नाही. आणि तुम्ही काय बोलता, तोंडावर कोणता भाव आहे, हे तो पडदा पलीकडे कोणाला तरी दाखवत असतो.

अशा कादंबऱ्यांना इंग्रजीत ‘डिस्टोपिया’ म्हणतात. सर टॉमस मोरने १५१६ साली ‘यूटोपिया’ नावाचे एक आदर्श बेट रंगवले, त्याच्या उलट हे. आपल्याकडे आदर्श राज्याला रामराज्य म्हणतात. पण त्याच्या उलट्या चित्राला मराठीत रुळलेला शब्द नाही. ‘उलटे रामराज्य’ म्हणू या, तूर्त काम चालेल. एक गैरसमज मात्र आधीच दूर केला पाहिजे. १९८४ साल उजाडले तेव्हा ऑर्वेलचे भाकीत किती खरे ठरले आणि किती खोटे, याचा हिशेब पुष्कळांनी मांडला. हे म्हणजे कादंबरीकडे पंचांग म्हणून पाहणे झाले. या लेखकांना ज्योतिष सांगायचे नव्हते. त्यांनी डोळ्यांसमोर चाललेले पाहिले आणि ते तसेच चालू राहिले तर शेवट कुठे होईल, तेवढे दाखवले.

आपली म्हण आहे, कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची? सरकार म्हणजे कुंपण आणि प्रजा म्हणजे शेत, असा तिचा अर्थ आपण लावतो. पण शेतकरी हे होऊ कसे देतो, ते म्हण सांगत नाही. या कादंबऱ्या तिथून पुढे सुरू होतात. त्यांचे म्हणणे असे, की बाहेर रानडुकरे आहेत असे शेतकऱ्याला रोज रात्री ओरडून सांगितले जाते. कधी ती खरोखरच असतात. कधी एके काळी होती, आता उरलेली नसतात. आणि कधी कुंपणाच्याच माणसाने बाहेर जाऊन गुरगुर करून दाखवलेली असते. डुकरांच्या भीतीने शेतकरी कुंपण उंच करतो, जाड करतो, आणि आत काय चालले आहे ते पाहायचे विसरतो. म्हणूनच या पुस्तकांत युद्ध आणि सत्तेचा दुरुपयोग हे विषय वेगळे काढता येत नाहीत. एकाच्या खांद्यावर दुसरा बसलेला असतो.

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणता येईल असा लेखक रशियन आहे. येवगेनी झाम्यातिन. धंद्याने जहाजे बांधणारा इंजिनियर. पहिल्या महायुद्धात रशियासाठी बर्फ फोडणारी जहाजे बांधून घेण्याच्या कामावर तो इंग्लंडात न्यूकॅसलला होता. १९०५ च्या बंडाळीत झारच्या पोलिसांनी त्याला तुरुंगात टाकले होते. पुढे ज्या क्रांतीची त्याने वाट पाहिली ती आली, आणि १९२२ साली नव्या सरकारनेही त्याला त्याच तुरुंगात नेऊन बसवले. १९२० ते २१ च्या सुमारास त्याने एक कादंबरी लिहिली, तिचे नाव ‘आम्ही’. ती प्रथम १९२४ साली इंग्रजी भाषांतरात अमेरिकेत छापली गेली. त्याच्या स्वतःच्या देशात ती छापून यायला १९८८ साल उजाडावे लागले.

‘आम्ही’मधले राज्य एका युद्धातून जन्मले आहे. शहर आणि खेडे यांच्यात दोनशे वर्षे लढाई झाली, मग उपासमार झाली, आणि जगातली जेमतेम पंचमांश माणसे उरली. ती उरलेली माणसे म्हणाली, पुरे झाले, आता शांतता द्या, तिची किंमत काहीही असो. किंमत अशी पडली: माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरांच्या भिंती काचेच्या आहेत. उठणे, जेवणे, फिरणे एकाच वेळापत्रकाने. घास पन्नास वेळा चावायचा, तोही सर्वांनी बरोबर. वर्षातून एकदा निवडणूक होते आणि सगळे हात एकदम वर होतात, एकच माणूस पुन्हा निवडून येतो. आणि शहराभोवती एक हिरवी भिंत आहे. युद्ध केव्हाच संपले, पलीकडे शत्रू नाही. भिंत मात्र आहे.

मला ही कादंबरी वाचताना सर्वांत अस्वस्थ करते ती तिच्यातली भाषा. सांगणारा माणूस, क्रमांक ‘डी-५०३’, हा स्वतः इंजिनियर आहे आणि या व्यवस्थेवर त्याचे मनापासून प्रेम आहे. तो तक्रार करत नाही, कौतुकच करतो. मग एका बाईच्या नादाने त्याच्या मनात शंका शिरते, थोडे दिवस तो माणसासारखा तळमळतो, आणि शेवटी सरकार सर्वांच्या डोक्यातली कल्पनाशक्ती शस्त्रक्रियेने काढून टाकते. जिच्यावर त्याने प्रेम केले तिचा छळ तो समोर बसून पाहतो आणि त्याला काही वाटत नाही. झाम्यातिनने १९३१ साली थेट स्टालिनला पत्र लिहून देश सोडायची परवानगी मागितली. नवल म्हणजे ती मिळाली. १९३७ साली तो पॅरिसला वारला.

झाम्यातिनपेक्षा वेगळ्या तऱ्हेचा लेखक म्हणजे प्रागचा कारेल चापेक. जगाला ‘रोबोट’ हा शब्द त्याच्या नाटकाने दिला, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. १९३६ साली त्याने ‘सॅलमँडरांशी युद्ध’ ही कादंबरी लिहिली. समुद्रात राहणारे, दोन पायांवर चालणारे, शिकवले तर बोलणारे हे प्राणी माणसांना सापडतात. प्रथम त्यांना मोती काढायला लावतात, मग धक्के आणि बंधारे बांधायला. मग प्रत्येक देशाला वाटू लागते, शेजाऱ्याच्या सॅलमँडरांपासून आपला किनारा राखायला आपले सॅलमँडर सशस्त्र हवेत. प्रत्येक सरकार त्यांना दारूगोळा पुरवते. शेवटी ते प्राणी वाढतात, त्यांना जागा अपुरी पडते, आणि ते किनारे फोडून खंड बुडवू लागतात. त्यांचा पुढारी रेडिओवरून घोगऱ्या आवाजात माणसांना कळवतो, की आम्हांला जमीन पाहिजे. तरीही कारखान्यांतून त्यांच्याकडे माल जातच राहतो, कारण करार झालेले असतात! परिषद भरते, आणि बड्या राष्ट्रांना तोडगा सुचतो, की चीनचा मुलूख बुडवायला द्यावा.

हे वाचून आधी हसू येते. दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९३८ मध्ये, म्युनिकला बडी राष्ट्रे जमली आणि चापेकच्याच देशाचा लचका हिटलरला काढून दिला; त्या देशाच्या प्रतिनिधींना बैठकीत बसूसुद्धा दिले नाही. चापेक त्याच वर्षी नाताळच्या दिवशी वारला. तीन महिन्यांनी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या, तेव्हा गुप्त पोलीस त्याला पकडायला त्याच्या घरी गेले. माणूस मेला आहे ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. भाऊ योसेफ त्यांच्या हाती लागला. तो १९४५ साली बेर्गेन-बेल्झेनच्या छळछावणीत गेला.

चापेकच्या त्या कादंबरीत एक म्हातारा दरवान आहे. सॅलमँडरांचा शोध लावणारा दर्यावर्दी एका भांडवलवाल्याच्या घरी आला, तेव्हा याने दार उघडून त्याला आत सोडले, एवढाच त्याचा जगाच्या इतिहासाशी संबंध. पण शेवटी प्रागच्या नदीत सॅलमँडरचे डोके दिसते आणि हा म्हातारा म्हणू लागतो, की सारे माझ्यामुळे झाले, मी दार उघडायला नको होते. मंत्र्यांपैकी, सेनापतींपैकी, कारखानदारांपैकी कोणीही असे म्हणत नाही.

ऑल्डस हक्सलीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’बद्दल थोडक्यात सांगतो, कारण युद्ध त्याच्या पुस्तकात पाठीमागेच राहते. १९३२ सालचे हे पुस्तक. त्यातही एक नऊ वर्षांचे युद्ध होऊन गेले आहे. रोगजंतूंचे बाँब पडले आहेत. त्यानंतर लोक इतके घाबरले, की सुखाच्या बदल्यात काहीही द्यायला तयार झाले. हक्सलीचे राज्यकर्ते चाबूक वापरत नाहीत, गोळी देतात. खाल्ली की मन हलके होते. हक्सलीने इटन शाळेत काही काळ ऑर्वेलला फ्रेंच शिकवले होते. ऑर्वेलची कादंबरी निघाल्यावर गुरुजींनी शिष्याला पत्र लिहून कळवले, की पुढचे राज्यकर्ते लाथाबुक्क्यांपेक्षा माझाच मार्ग पत्करतील. पुष्कळ विद्वान हक्सलीलाच बरोबर ठरवतात. मला तसे वाटत नाही. ज्यांच्यावर बाँब पडत आहेत त्यांना सुखाची गोळी कोणी देत नाही.

आता ऑर्वेलकडे वळू. त्याचे खरे नाव एरिक ब्लेअर. जन्म १९०३ साली बिहारात मोतीहारीला. वडील सरकारच्या अफूखात्यात होते. हा मुलगा मोठा होऊन ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी झाला आणि पाच वर्षांनी, १९२७ साली, त्या कामाला विटून परतला. म्हणजे सत्ता कशी वापरतात हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्याने स्वतः गणवेश घालून ती वापरली होती. १९३६ च्या अखेरीस तो स्पेनच्या यादवीत फ्रँकोविरुद्ध लढायला गेला. मे १९३७ मध्ये शत्रूची गोळी त्याच्या गळ्यातून आरपार गेली, आणि तो वाचला. पुढच्याच महिन्यात, तो ज्या पक्षाच्या पथकातून लढत होता तोच पक्ष आपल्या बाजूच्या सरकारने बेकायदा ठरवला, त्याचे सोबती तुरुंगात पडले, आणि ऑर्वेल नवराबायको लपतछपत सीमा ओलांडून फ्रान्सला आली. नंतर त्याने लिहिले आहे, की जिथे लढाई झालीच नाही तिथल्या लढायांची वर्णने मी वर्तमानपत्रांत वाचली, आणि जिथे शेकडो माणसे मेली तिथे वर्तमानपत्रे गप्प होती. गळ्यातल्या गोळीपेक्षा ही गोष्ट त्याला जास्त लागली.

पुढचा भाग आपल्या जवळचा आहे. ऑगस्ट १९४१ पासून नोव्हेंबर १९४३ पर्यंत ऑर्वेल लंडनला बीबीसीमध्ये नोकरी करत होता, आणि त्याचे काम हिंदुस्थानसाठी कार्यक्रम तयार करण्याचे होते. दर आठवड्याला तो युद्धाचा आढावा लिही. काही इंग्रजीत वाचले जात, काहींची भाषांतरे गुजराती, मराठी, बंगाली, तमिळ अशा भाषांत होत. त्याच्या सहकाऱ्यांत वेणू चितळे ही मराठी बाई होती. मराठी वार्तापत्रे आणि इंग्रजी कार्यक्रम, दोन्हींत तिचा आवाज असे. पुढे भारतात परतल्यावर तिने ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली, ती १९५० साली निघाली. १९४२ सालचे बीबीसीतले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, वेणू चितळे एका टेबलाभोवती बसले आहेत, पाठीमागे उंच, हडकुळा ऑर्वेल उभा आहे. त्याच छायाचित्रात नारायण मेनन आहेत, ते पुढे आपल्या आकाशवाणीचे महासंचालक झाले. ‘नाइन्टीन एटी-फोर’ लिहिणाऱ्या माणसाने लिहिलेला मजकूर लढाईच्या दिवसांत मराठीत होऊन आपल्याकडे ऐकवला जात होता. ऐकणाऱ्यांना अर्थात त्याचे नाव ठाऊक नव्हते.

त्या काळी बीबीसीतली प्रत्येक संहिता दोनदा तपासली जाई: एकदा शत्रूला उपयोगी पडेल अशी माहिती जाऊ नये म्हणून, आणि एकदा सरकारच्या धोरणाला धरून आहे की नाही म्हणून. बोलणारा लिहिलेल्यापासून ढळला तर आवाज तोडण्यासाठी एक माणूस बटणावर हात ठेवून बसलेला असे. (भाषण आधी लिहून द्यावे लागते, हे नभोवाणीवर बोललेल्या कोणालाही नवीन नाही. मीही हे लिहूनच दिले.) ऑर्वेलविषयी न्यायाने बोलायचे तर राजीनामा देताना त्याने लिहिले आहे, की मला न पटणारे काही बोलण्याची सक्ती माझ्यावर कधी झाली नाही, फक्त आपल्या कामाचा काही उपयोग होत नाही, वेळ आणि लोकांचा पैसा वाया जातो आहे, असे त्याला वाटत होते. त्याचा साहेब दुष्ट नव्हता, कचेरीत छळ नव्हता. पण सरकारी छापाच्या खालून मजकूर कसा सरकतो, एखादे वाक्य कसे वजा होते, आणि चांगली माणसे ते किती सवयीने करतात, हे त्याने दोन वर्षे रोज पाहिले. कादंबरीतला विन्स्टन ज्या खात्यात काम करतो त्याची हवा त्याने तिथून घेतली असावी, असे मला वाटते.

त्या खात्याचे नाव सत्यमंत्रालय. राज्यात चार मंत्रालये आहेत. युद्ध चालवणारे शांतिमंत्रालय, छळ करणारे प्रेममंत्रालय, टंचाई सांभाळणारे सुबत्तामंत्रालय, आणि खोटे तयार करणारे हे चौथे. विन्स्टन इथे जुनी वर्तमानपत्रे दुरुस्त करतो. चॉकलेटचे उदाहरण घ्या. या वर्षी चॉकलेटचे रेशन कमी होणार नाही, असे सरकारने आश्वासन दिले होते. ते तीस ग्रॅमवरून वीस ग्रॅमवर येणार आहे. तेव्हा विन्स्टन जुन्या अंकातले आश्वासन काढून तिथे लिहितो, की रेशन कदाचित कमी करावे लागेल. जुना कागद भिंतीतल्या एका भोकात टाकला, की खाली भट्टीत जाऊन जळतो. थोड्याच वेळात पडद्यावरून बातमी येते: रेशन वाढवून वीस ग्रॅम केल्याबद्दल लोकांनी आभाराच्या मिरवणुका काढल्या. कालच तर कमी केले होते! विन्स्टन आजूबाजूला पाहतो. सगळे जेवत असतात.

रेशनच्या रांगेत ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको. पण त्यातली बारीक गोष्ट निसटू नये. विन्स्टनला सरकारचा तिटकारा आहे, आणि तरीही त्याला आपले काम आवडते. अवघड दुरुस्ती आली, की तो रंगून जातो. एकदा तर तो कधीच न जन्मलेला एक वीर सैनिक कल्पनेने उभा करतो, आणि तो वीर त्या दिवसापासून इतिहासात जमा होतो. अक्षर चांगले असलेल्या, कामात चोख असलेल्या कारकुनाशिवाय असे राज्य एक दिवस चालणार नाही, हे ऑर्वेलला नीट कळले होते. झाम्यातिनचा इंजिनियर आणि हा कारकून, दोघे एकाच जातीचे.

या राज्याचे सतत युद्ध चालू आहे. जगात तीन प्रचंड सत्ता आहेत. कधी एक मित्र असते व दुसरी शत्रू, कधी उलट. द्वेषसप्ताहात एक वक्ता चौकात भाषण करत असतो, शत्रूला शिव्या देत असतो. मध्येच कोणी त्याच्या हातात चिठ्ठी देतो. तो थांबत नाही, आवाज बदलत नाही, वाक्यसुद्धा तोडत नाही; फक्त त्या वाक्यात शत्रूचे नाव बदलते. लोकांना कळते, की चौकात लावलेले फलक चुकीचे आहेत, हे घातपात्यांचे काम! फलक फाडले जातात. त्यानंतर विन्स्टन पाच दिवसांत नव्वद तासांहून जास्त काम करतो, कारण पाच वर्षांचा इतिहास बदलायचा असतो. आपण ज्याच्याशी आज लढतो त्याच्याशी नेहमीच लढत होतो.

हे युद्ध जिंकायचे नसतेच. कादंबरीत एक चोरटे पुस्तक आहे, त्यात याची फोड केली आहे. यंत्रयुगात माल इतका तयार होऊ शकतो, की सर्वांना पोटभर मिळेल; आणि सर्वांना पोटभर मिळाले, वाचायला सवड मिळाली, तर वरच्या मूठभरांना कोणी विचारणार नाही. तेव्हा माल तयार तर झाला पाहिजे, पण वाटला जाता कामा नये. तो जाळायला युद्धासारखी भट्टी नाही. शिवाय युद्ध आहे म्हटले, की साबण का नाही, चपला का नाहीत, शेजारी रात्रीतून कुठे गेला, हे प्रश्न विचारणारा देशद्रोही ठरतो. विन्स्टनची मैत्रीण ज्यूलिया फार शिकलेली नाही. ती सहज म्हणून जाते, की शहरावर पडणारे बाँब आपलेच सरकार टाकत असेल, लोक घाबरलेले राहावेत म्हणून. विन्स्टनला हे कधी सुचले नव्हते. मघाशी म्हटलेले कुंपणाबाहेरचे गुरगुरणे ते हेच.

त्याच चोरट्या पुस्तकात आपण आहोत. तीन सत्तांमध्ये लढाई चालते ती विषुववृत्ताच्या आसपासच्या मुलुखासाठी, आणि त्यात आफ्रिका, मध्यपूर्व, इंडोनेशिया यांच्या जोडीला दक्षिण हिंदुस्थानचे नाव स्वच्छ घेतले आहे. हा मुलूख ज्याच्या हाती, त्याला कोट्यवधी स्वस्त मजूर मिळतात. ते आज या धन्याचे, उद्या त्या धन्याचे. मोतीहारीला जन्मलेल्या, ब्रह्मदेशात पोलिसी केलेल्या माणसालाच ही ओळ सुचू शकली. पण माझी तक्रारही इथेच आहे. या ओळीनंतर ते कोट्यवधी लोक कादंबरीत पुन्हा येत नाहीत. त्यांच्यातल्या एकालाही तोंड नाही. एकदाच, चित्रपटगृहात, भूमध्य समुद्रात निर्वासितांनी भरलेली बोट बाँबने उडवलेली दाखवतात आणि प्रेक्षक हसतात, टाळ्या वाजवतात. ऑर्वेलने टाळ्या वाजवणाऱ्यांची गोष्ट सांगितली. बोटीतल्यांची गोष्ट कोणी तरी बोटीतल्यांपैकीच लिहायला हवी.

तुम्ही म्हणाल, ही सगळी परक्या मुलुखातली, कल्पनेतली राज्ये. थोडे आपले दाखले पाहू. चीनशी लढाई जुंपली म्हणून २६ ऑक्टोबर १९६२ रोजी आपल्या देशात आणीबाणी पुकारली गेली. लढाई महिन्याभरात थांबली. मध्ये १९६५ चे पाकिस्तानशी युद्ध झाले हे खरे. पण ती आणीबाणी उठली जानेवारी १९६८ मध्ये. मग डिसेंबर १९७१ च्या युद्धासाठी दुसरी आली. ते युद्ध दोन आठवड्यांत जिंकून संपले, आणि ही आणीबाणी मार्च १९७७ पर्यंत कायम होती. म्हणजे २५ जून १९७५ च्या रात्री जी तिसरी पुकारली गेली, ती बाहेरच्या शत्रूसाठी पुकारलेल्या आणीबाणीच्या डोक्यावर आणून ठेवलेली होती. झाम्यातिनची हिरवी भिंत मला इथे आठवते.

त्या जूनमध्ये वर्तमानपत्रांवर पूर्वतपासणी बसली. २८ जून १९७५ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. वाचणाऱ्याला त्या कोऱ्या चौकोनाने अग्रलेखापेक्षा जास्त सांगितले. पुढे कोरी जागा सोडण्यालाही बंदी आली. ज्याने ती बंदी घातली त्याने ऑर्वेल वाचला असेल-नसेल, पण त्याला मर्म कळले होते. कोरी जागा दिसते तोवर काही तरी काढले आहे हे कळते. सत्यमंत्रालयात कोरी जागा राहतच नाही. काढलेल्या ओळीच्या जागी तेवढ्याच लांबीची दुसरी ओळ बसवलेली असते. या केंद्रावरून त्या एकवीस महिन्यांत कोणाचे आवाज ऐकू येत होते आणि कोणाचे नव्हते, हे त्या वेळी ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांना विचारा.

मात्र सगळा भार सरकारवर टाकून मोकळे होऊ नये, असे सांगणारा एक अमेरिकन लेखक आहे, रे ब्रॅडबरी. त्याच्या ‘फॅरनहाइट ४५१’ या १९५३ सालच्या कादंबरीत आग विझवणारे बंबवाले उलट पुस्तके जाळत फिरतात. त्यांचा नायक आपल्या मुख्य बंबवाल्याला विचारतो, हे सुरू कसे झाले? तो सांगतो, हुकूम वरून आला नाही. लोकांनी आधी वाचायचे सोडले, मग आम्ही आलो. नायकाची बायको रात्रंदिवस कानात शिंपल्याएवढे रेडिओ घालून पडलेली असते. डोक्यावरून लढाऊ विमाने जात असतात, ती तिला ऐकू येत नाहीत. युद्ध पुकारले जाते आणि एका क्षणात शहर नाहीसे होते. त्याच्यावर कादंबरीत जेमतेम दोन-चार पाने आहेत. आमच्या धंद्याला हा टोमणा आहे. तो खाऊन मी पुढे जातो.

ऑर्वेलने आपली कादंबरी स्कॉटलंडजवळच्या जुरा बेटावर, क्षयाने पोखरलेल्या छातीने, अंथरुणात बसून टंकलिखित केली. ती ८ जून १९४९ रोजी निघाली. २१ जानेवारी १९५० रोजी लंडनच्या इस्पितळात तो वारला. वय सेहेचाळीस. शेवट कसा होतो ते तुम्हांला ठाऊक असेल, नसेल तर मी सांगत नाही; गोड नाही, एवढेच.

पण शेवटाच्या मागे आणखी काही पाने आहेत. त्या राज्यात एक नवी भाषा घडवली जात असते, जिच्यात दरवर्षी शब्द कमी होतात, म्हणजे बंडाचा विचार मनात आला तरी त्याला शब्द मिळू नये. कादंबरी संपल्यावर या भाषेवर एक परिशिष्ट जोडले आहे. व्याकरणाच्या पुस्तकासारखे रुक्ष. बहुतेक वाचक ते सोडून देतात. मीही पहिल्या वाचनात सोडले होते. अमेरिकेतल्या एका मोठ्या ग्रंथमंडळाने ऑर्वेलला कळवले, की हे परिशिष्ट आणि मधले ते चोरटे पुस्तक गाळले तर आम्ही कादंबरी सभासदांसाठी घेऊ. नकार दिला तर निदान चाळीस हजार पौंड बुडतील, असा ऑर्वेलचा स्वतःचा अंदाज होता. घरात लहान मूल, स्वतः अंथरुणावर. त्याने नकार कळवला. शेवटी मंडळाने ती आहे तशीच घेतली.

ते परिशिष्ट पुन्हा वाचताना एक गोष्ट दिसली. ते नव्या भाषेत लिहिलेले नाही, साध्या, नेहमीच्या इंग्रजीत आहे. आणि सगळे भूतकाळात आहे. ही भाषा अशी होती, तिचा हेतू असा होता, अमुक सालापर्यंत ती पुरी व्हायची होती. कोणी तरी, केव्हा तरी, त्या राज्यानंतर बसून हे लिहितो आहे. कोण, ते ऑर्वेलने सांगितलेले नाही. पुस्तक हाती आले तर ती पाने गाळू नका.